कमानपट्टीच्या कोयत्यांना पाणी कशाचे द्यावे: साधे पाणी, मीठपाणी की तेल?

होटगी_रस्ता (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सोलापुरात आमचे वेल्डिंगचे आणि शेतीच्या अवजारांचे छोटे वर्कशॉप आहे. दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या बेतात असतात, तेव्हा कोयत्यांची मागणी एकदम वाढते. एरवी विळे, खुरपी, कडबा कटरची पाती आणि अलीकडे खाणावळवाल्यांच्या मोठ्या सुऱ्या असे काम चालते. माल बहुतेक ट्रकच्या जुन्या पाट्यांचा, म्हणजे कमानपट्ट्यांचा असतो. पाणी देताना, म्हणजे पाते कडक करण्यासाठी, आमचे कारागीर ते लाल करून पाण्याच्या पिंपात पूर्ण गार होईपर्यंत बुडवतात. हिवाळ्यात काही पात्यांना धारेकडून पाठीकडे जाणारी केसासारखी चीर पडते, कधी तर पिंपातच टिचल्याचा आवाज येतो. उन्हाळ्यात चिरा कमी पडतात, परंतु धारेत मधेमधे मऊ जागा राहतात आणि गिऱ्हाईक पाते परत आणून देते.

कोणी मीठपाणी वापरा म्हणतो, कोणी जळके ऑइल, तर कोणी गोडेतेल. नेमके कशाच्या आधारावर ठरवावे? शक्य असल्यास कारणासह सांगावे, म्हणजे कारागिरांनाही पटवून देता येईल.

भट्टीवाला_चिंचोळी

मी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत उष्णता-प्रक्रियेच्या विभागात काम करतो. आपल्या प्रश्नाचा क्रम आधी उलटा करावा लागेल. पोलाद कोणते आहे आणि पाते किती जाड आहे, यांवरून माध्यम ठरते. माध्यम आधी ठरवून त्यात हाती येईल ते पोलाद बुडवता येत नाही. ज्या ज्या माध्यमांत ते पाते पुरते कडक होते, त्यांपैकी सर्वांत संथ माध्यम निवडावे, एवढाच नियम आहे.

याचे कारण असे की गार होण्याच्या प्रवासात पोलादाच्या मागण्या बदलतात. ८०० अंशांच्या वर तापलेले पोलाद ऑस्टेनाइट या अवस्थेत असते. ते सावकाश गार झाले, तर साधारण ५५० अंशांच्या आसपास त्याचे मऊ पर्लाइट होते. म्हणून हा टप्पा घाईने ओलांडावा लागतो. तो ओलांडला की पुढे घाईची गरज उरत नाही, उलट घाई नडते. कार्बनच्या प्रमाणानुसार साधारण २०० ते ३०० अंशांदरम्यान कडक मार्टेन्साइट बनू लागते आणि तसे होताना पोलाद फुगते. पाण्यात पात्याची पातळ धार आधी फुगून कडक होते, जाड पाठ मागाहून फुगते आणि त्या ओढाताणीत धार चिरते. आपल्या चिरा धारेकडून सुरू होतात, त्याचे हेच कारण असावे.

पहिला टप्पा ओलांडायला किती वेळ मिळतो, हे पोलादात मिसळलेल्या मूलद्रव्यांवर अवलंबून असते. ०.९५ टक्के कार्बनच्या साध्या पोलादाला सेकंदाहूनही कमी वेळ मिळतो, त्यामुळे त्याला मीठपाणी, पाणी किंवा अतिशय वेगवान तेलच लागते. ट्रकच्या पाट्यांची गोष्ट वेगळी आहे. जुने पाटे बहुधा ईएन ४५ जातीच्या सिलिको-मँगनीज पोलादाचे असतात. त्यात कार्बन ०.५ ते ०.६ टक्के आणि सिलिकॉन १.५ ते २ टक्के असते. काही पाट्यांत क्रोमियम असते, तर पॅराबोलिक (मधे जाड, टोकांकडे निमुळत्या) पाट्यांत क्रोम-व्हॅनेडियम पोलादही सापडते. या सर्वांना काही सेकंदांची सवलत मिळते आणि कोयत्याच्या जाडीला तेल पुरेसे होते. पाण्यात विझवल्याने कोयता अधिक कडक होतो, हा समज कारागिरांच्या मनातून काढावा. कडकपणाची कमाल मर्यादा कार्बन ठरवतो. तेलात पूर्ण मार्टेन्साइट होत असेल, तर पाण्याने पदरात पडतो तो फक्त जास्तीचा ताण.

माध्यमांच्या तीव्रतेचे, म्हणजे ती किती झपाट्याने गार करतात याचे, धातुशास्त्रज्ञ ग्रॉसमन यांचे जुने आकडे आजही उपयोगी आहेत. न ढवळलेले पाणी १ धरले, तर मीठपाणी २, तेल ०.२५ ते ०.३० आणि स्थिर हवा ०.०२. ढवळल्यावर हे आकडे पुष्कळ बदलतात. मध्यम ढवळलेले तेल ०.४० च्या आसपास जाते, म्हणजे पाते नुसते हलवून तेलाचा वेग वाढवता येतो.

आता हिवाळा-उन्हाळ्याबद्दल. गरम पाते पाण्यात शिरताच त्याच्याभोवती वाफेचे आवरण तयार होते आणि ते टिकेल तितका वेळ पाते जवळजवळ गार होत नाही. पाणी २० ते ३० अंश असेल तर आवरण लवकर फुटते. ४० अंशांपलीकडे ते हट्टाने टिकते आणि ज्या जागी टिकते तेथे मऊ डाग राहतो. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या टाकीचे पाणी सकाळी दहालाच हाताला चटका देते. तेच पिंप, तेच पाणी, पण डिसेंबरात आणि मेमध्ये ती दोन निरनिराळी माध्यमे असतात. आपल्या दोन्ही तक्रारी एवढ्याने उलगडतात.

ऐरणीजवळ (बार्शी)

वरचे विवेचन चांगले आहे, तरी एक बाजू मांडतो. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लोहारकाम चालत आले आहे आणि तेलाचा थेंब न वापरता आमची अवजारे शेतात टिकली. पाण्याने पाते फुटतेच, असे सरसकट म्हणणे मला मान्य नाही.

आमची रीत अशी की कोयता संपूर्ण बुडवायचाच नाही. फक्त धारेकडचा अर्धा-पाऊण इंच भाग पाण्याला लावायचा, तोही पाते सतत मागे-पुढे हलवीत, म्हणजे पाण्याच्या रेषेवर चीर पडत नाही. धार काळी पडली की लगेच बाहेर काढायचे. पाठीत उष्णता शिल्लक असते. धारेवर वीट किंवा कानस घासून चकाकी आणायची आणि पाठीकडून रंग कसा उतरतो ते पाहायचे: आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. कोयत्याला धारेवर जांभळा पोहोचला की पुन्हा पाण्यात टाकायचे. ही नजर यायला वेळ लागतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये भर दुपारी ते जमत नाही. आमचे वडीलधारे पाणी देण्याचे काम सकाळी लवकर किंवा दिवे लागणीला करीत.

भट्टीवाला_चिंचोळी

काका, आपण सांगितलेली रीत पूर्णपणे शास्त्रशुद्ध आहे आणि माझ्या मुद्द्याच्या विरोधात ती मुळीच जात नाही. आपण पाते पाण्यात गार होऊच देत नाही. धारेने पहिला टप्पा पाण्यात घाईने ओलांडला की आपण ती बाहेर काढता. पाठीतली उष्णता धारेकडे येऊन पुढचे गार होणे मंद करते आणि त्याच उष्णतेवर टेंपरिंगही, म्हणजे कडक धारेचा ठिसूळपणा कमी करण्याचे कामही होते. धागाकर्त्यांच्या पिंपात पाते तळाशी जाऊन पूर्ण थंड होते, फरक तेथे आहे.

दुसरे असे की पूर्वी गावच्या लोहाराकडे येणारे पोलाद बहुधा साधे कार्बन पोलाद असे. ते खोलवर कडक होत नाही. वरचा थर कडक होतो आणि गाभा चिवट राहतो. कमानपट्टीचे पोलाद आरपार कडक होते, म्हणून तोच हात, तेच पाणी असूनही ते फुटते. साध्या पोलादाच्या खुरप्यांना आपली पद्धत आजही उत्तम आहे. कमानपट्टीला मात्र मी ती सुचवणार नाही.

ऐरणीजवळ (बार्शी)

हे मान्य. पाट्याचे कोयते आमच्याकडे येऊ लागले, तेव्हापासूनच फुटीची कुरकुर सुरू झाली, हे खरे आहे.

माळावरची_करडई (मंगळवेढा)

तेल वापरायचे ठरले तर कोणते? आमच्याकडे घाण्याचे करडईचे तेल सहज मिळते. ते चालेल का? जवसाचे तेल चांगले असते, असेही ऐकले आहे.

सुरीकार

मूळचा सोलापूरचा, आता पुण्यात हौसेने आणि थोडीफार विक्रीसाठी स्वयंपाकघरातल्या सुऱ्या बनवतो. वनस्पतिजन्य तेलांवर मी बराच काळ काम केले आहे, म्हणून या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो.

वनस्पतिजन्य तेले विझवण्यासाठी खरोखरच चांगली असतात. ती पाण्यासारखी उकळत नाहीत, त्यामुळे वाफेचे आवरण जवळपास बनत नाही आणि पाते सगळीकडून सारखे गार होते. शेंगदाणा तेलासारख्या तेलाचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते ते) ३०० अंशांच्या आसपास असतो, म्हणजे भडका उडण्याची भीती खनिज तेलापेक्षा कमी. धूर होतो, पण तो डोळ्यांना झोंबणारा नसतो. आमच्या शेडमध्ये तर शेंगाचटणी भाजायला घेतल्यासारखा वास सुटतो आणि शेजारी चौकशी करून जातात.

त्यांचा दोष टिकाऊपणात आहे. हवा आणि उष्णता लागून ही तेले घट्ट होत जातात आणि घट्ट तेल संथ होते. यात करडई सर्वांत अडचणीची. नेहमीच्या करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल सुमारे तीनचतुर्थांश असते, म्हणून ते वाळते. रंग आणि वार्निशात ते वापरतात ते याच गुणामुळे. जवस त्याहून लवकर वाळते. दोन्ही तेले टाकीच्या भिंतींवर आणि पात्यावर चिकट सायीसारखी जमतात आणि ती कानशीनेही धड निघत नाही. सूर्यफूल याच वाटेने जाते, फक्त थोडे सावकाश. शेंगदाणा किंवा पाम तेल त्या मानाने बरेच टिकते. करडई खाण्यासाठी ठेवा, ती त्या कामाला फार चांगली आहे.

भजीवाल्यांकडचे तळणीचे तेल स्वस्तात मिळते, परंतु त्यात पाणी, मीठ आणि पिठाचे कण असतात. घ्यायचेच असेल तर गाळून, उघड्यावर, हळूहळू ११० अंशांच्या वर तापवून त्यातले पाणी घालवल्याशिवाय वापरू नये.

तेल कोमट करून वापरावे, साधारण ५० ते ६० अंशांवर. गार तेल दाट असते, पात्याभोवती फिरत नाही आणि म्हणून सावकाश गार करते. पाण्याच्या बाबतीत नेमके उलट घडते, हे कारागिरांना आवर्जून सांगावे. सोलापूरच्या उन्हाळ्यात तेल आपसूकच ४० च्या पुढे असते. हिवाळ्यात एखादी तापलेली भंगार पट्टी बुडवून काम सुरू करावे.

जुना_पुणे_नाका

आम्ही गॅरेजमधले जळके ऑइल वापरतो. फुकट मिळते आणि काम होते. त्यात वाईट काय? दाट झाले तर थोडे डिझेल घालतो.

भट्टीवाला_चिंचोळी

डिझेल आजच बंद करा, ही कळकळीची विनंती. आपल्याकडच्या डिझेलच्या फ्लॅश पॉइंटची किमान मर्यादा ३५ अंश आहे. सोलापुरात मे महिन्यात सावलीतले तापमान त्याहून वर जाते. म्हणजे पाते बुडवण्याआधीच टाकीच्या तोंडाशी पेट घेऊ शकेल अशी वाफ जमलेली असू शकते आणि आपण तिच्यात ८५० अंशांचे लोखंड नेतो.

नुसत्या जळक्या ऑइलचीही अडचण आहे. इंजिनात त्यात थोडे इंधन मिसळलेले असते, धातूंचे कण आणि जळलेली रसायने असतात. तो धूर दिवसभर छातीत घेण्यासारखा नाही. शिवाय ते गरम पाते विझवण्यासाठी बनवलेलेच नसते, तर इंजिनात दाटपणा टिकवण्यासाठी बनवलेले असते. प्रत्येक डबा वेगळ्या गाडीतून आलेला, त्यामुळे गेल्या महिन्यात जमलेले काम या महिन्यात जमेल याची खात्री नाही. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलापासूनही दूर राहावे. त्याचा फ्लॅश पॉइंट सुमारे १४० अंशच असतो, शिवाय फार जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्ये पीसीबी नावाची घातक रसायने असण्याची शक्यता असते.

रोज काम असेल तर क्वेंचिंगसाठी, म्हणजे पाते विझवण्यासाठीच बनवलेले खनिज तेल घेणे शेवटी स्वस्त पडते. इंडियन ऑइलच्या सर्वो मालिकेत आणि इतर कंपन्यांकडेही ते मिळते. घेताना त्याचा वेग विचारावा. निकेलचा तापलेला गोळा ३५४ अंशांपर्यंत, म्हणजे तो पुन्हा चुंबकाला चिकटू लागेपर्यंत, किती सेकंदांत गार होतो यावर वेग मोजतात. ८ ते १० सेकंदांचे तेल वेगवान, ११ ते १४ सेकंदांचे मध्यम. कमानपट्टी, बेअरिंगचे ईएन ३१ आणि ओएचएनएस (तेलात कडक होणारे हत्यारांचे पोलाद) यांना मध्यम तेल पुरते. एचसीएचसीआरसारखे (भरपूर कार्बन आणि क्रोमियमचे) पोलाद तर हवेतही कडक होते, त्याला तेलाचीही गरज नाही.

तेलात पाणी शिरू देऊ नये. पाणी तळाशी बसते आणि गरम पाते तेथे पोहोचले की त्याची एकदम वाफ होऊन उकळते तेल बाहेर उसळते. पावसाळ्यानंतर पळीभर तेल तापवून पाहावे. तडतडले तर पाणी आहे. टाकीला लोखंडी झाकण, शेजारी कोरडी वाळू. आग लागल्यास पाणी कदापि ओतू नये. पाते बुडवायचे तर पूर्ण आणि ठामपणे बुडवावे. अर्धवट राहिलेले पाते तेलाच्या पृष्ठभागाशी भडका उडवते.

होटगी_रस्ता (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्याकडे सहा इंची लोखंडी पाइपाचा सव्वातीन फुटी तुकडा आहे. तळाला जाड पत्रा वेल्ड करून उभी टाकी करावी म्हणतो. एका बैठकीत किती कोयते विझवता येतील? आणखी एक: शेजारच्या वर्कशॉपमध्ये तेलाचा प्रयोग झाला होता, पण पाती कडकच झाली नाहीत, म्हणून त्यांनी तो सोडून दिला.

सुरीकार

टाकी उत्तम होईल. त्यात काठोकाठ १८ लिटर मावतील. वर वीतभर जागा सोडून १५ लिटर तेल भरा. ढोबळ हिशेब असा: अर्ध्या किलोचा कोयता ८५० अंशांवरून तेलाच्या तापमानाला येताना सुमारे २५० किलोज्यूल उष्णता सोडतो. १५ लिटर तेलाला एक अंश तापायला सुमारे २७ किलोज्यूल लागतात. म्हणजे एका कोयत्यामागे तेल नऊ-दहा अंशांनी तापते. ५० वर सुरुवात केली तर चार-पाच कोयत्यांतच तेल ९०-१०० वर पोहोचेल. तेथे थांबावे, किंवा दुसरी टाकी करावी. तापमापी दोनशे-चारशे रुपयांसाठी टाळू नये.

शेजाऱ्यांच्या प्रयोगाबद्दल: तेलाला दोष देण्याआधी पाते पुरेसे तापले होते का, ते तपासावे. बहुतेक जण लोहचुंबक चिकटेनासा झाला की लगेच बुडवतात. तो टप्पा ७७० अंशांच्या आतबाहेर येतो. सिलिकॉनच्या पाट्याला ८५० ते ८७० लागतात. म्हणजे चुंबक सुटल्यावर रंग आणखी एक पायरी उजळू द्यावा आणि दोन-तीन मिनिटे तेथेच ठेवावा. पाण्याची तीव्रता ही उणीव काही अंशी झाकते, तेल झाकत नाही. भट्टीपासून टाकी चार पावले लांब असेल आणि वर पंखा चालू असेल, तर पातळ धार वाटेतच गार होते, हेही पाहावे.

खात्रीसाठी त्याच पाट्याचे तीन-चार तुकडे कापून वेगवेगळ्या तापमानांवरून तेलात विझवावेत. नवी कानस सरकली पाहिजे, चावता कामा नये. मग तुकडे शिकंजात धरून, डोळ्यांवर चष्मा लावून तोडावेत. तुटलेला भाग राखाडी, मऊसूत रव्यासारखा दिसला तर तापमान बरोबर; साखरेसारखा चकाकला तर जास्त तापले. भंगारातल्या पाट्यांना आधीच बारीक चिरा असू शकतात, हेही याच परीक्षेत कळते.

जुना_पुणे_नाका

डिझेलचे ऐकून धास्ती घेतली, बंद केले. रेल्वेच्या रुळाच्या क्लिपा कमानपट्टीसारख्याच असतात का? त्यांच्या सुऱ्या छान होतात म्हणे.

ऐरणीजवळ (बार्शी)

पोलाद त्याच जातीचे असते, पण रेल्वेचा माल बेकायदा बाळगणे हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्या वाटेला जाऊ नका. ट्रकच्या पाट्यांना सोलापुरात तोटा नाही.

दमाणी_नगर

एमआयडीसीत पाण्यात मिसळायचे पॉलिमर वापरतात, त्याचे काय? आग लागण्याचा प्रश्नच मिटेल.

भट्टीवाला_चिंचोळी

आग मिटते, हे खरे. पॉलिमरचे प्रमाण बदलून पाणी आणि तेल यांच्यामधला हवा तो वेग साधता येतो. पण ते प्रमाण रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणाने नियमित मोजावे लागते आणि आपल्या हवेत पाणी इतके उडते की ते सतत बदलत राहते. शिवाय टाकीला फिरता पंप हवा. लहान वर्कशॉपला हा व्याप परवडणारा नाही.

होटगी_रस्ता (धागाकर्ता)

शेवटचा प्रश्न. लांब सुऱ्या तेलातही वाकतात असे ऐकले. वाकलेले पाते पुन्हा तापवून सरळ करायचे का? आणि टेंपरिंग किती अंशांवर?

सुरीकार

वाक येऊ नये म्हणून घडाई झाल्यावर पाते तीन वेळा लाल करून हवेत गार होऊ द्यावे, दर वेळी थोड्या कमी तापमानावर. घडाईतला ताण निघतो आणि कणही बारीक होतात. विझवण्यापूर्वी धार किमान एक मिलिमीटर जाड ठेवावी; धार पाजवायचे काम सगळे झाल्यावर. बुडवताना पाते उभे, टोक खाली. तेलात वर-खाली किंवा धारेच्या दिशेने हलवावे, आडवे कधीही हलवू नये.

तरीही वाकलेच, तर पुन्हा तापवण्याची गरज नाही. पात्याचा धूर कमी होत आला, ते साधारण २०० अंशांच्या आसपास आहे, अशा वेळी बाहेर काढावे. तेव्हा मार्टेन्साइट अजून बनत असते आणि जाड हातमोजे घालून दोन लाकडी ठोकळ्यांमध्ये पाते सरळ करता येते. ही संधी फार थोडा वेळ असते. पाते ताठरल्यासारखे वाटले की हात थांबवावा. उरलेला वाक टेंपरिंगच्या वेळी जाड पट्टीला शिकंजाने बांधून काढावा.

टेंपरिंग त्याच दिवशी, हाताला सोसवेल इतके गार झाल्याबरोबर करावे. रात्रभर तसेच ठेवलेले पाते सकाळी आपोआप चिरलेले सापडू शकते. सुऱ्यांना २०० अंशांवर एकेक तास दोनदा. घरगुती ओटीजी भट्टी २५० पर्यंत जाते, ती पुरते. कोयता दिवसभर उसाच्या बुडख्यावर आणि कधी दगडावर आपटतो, त्याला अधिक चिवटपणा हवा. त्याची पाठ गॅसच्या ज्योतीवर निळी होऊ द्यावी आणि धारेवर जांभळा पोहोचताच थांबवावे. बार्शीच्या काकांनी सांगितलेले रंग येथे तसेच्या तसे उपयोगी पडतात.